गादीबरोबर छत्री

ढुंढिराजशास्त्र्यांच्या घरात आजवर कोणी गादी विकत आणली नव्हती. काशीत दुर्गाघाटावर चार पिढ्यांची भिक्षुकी. यजमानाकडे कोणी वारलं की तेराव्याला शय्यादान ठरलेलं. गादी, उशी, चादर, शिवाय छत्री नि वहाणा. त्यामुळे घरातला प्रत्येक जण कुणा ना कुणा दिवंगताच्या नावावर झोपे. शास्त्रीबुवांच्या पत्नी प्रभावतीबाई तर गाद्यांना नावानंच ओळखत. "आज पाटणकरांवर नका निजू, त्यांचा कापूस गोळा झालाय," म्हणत.

दोन महिन्यांपूर्वी त्या कंबरेच्या उपचारासाठी नागपूरला लेकीकडे निघाल्या, तेव्हा स्टेशनवर एवढंच म्हणाल्या, "चाळीस वर्षं लोकांच्या गाद्यांवर काढली. एक तरी माझ्यासाठी म्हणून आणलेली असावी, असं वाटतं कधी कधी." शास्त्रीबुवांना उत्तर सुचलं ते घरी पोचल्यावर. "आणतो," असं त्यांनी रिकाम्या खोलीला सांगितलं.

आज दुपारी बाई परत यायच्या होत्या. सकाळी शास्त्रीबुवा आधी न्हाव्याकडे गेले. केस थोडे बारीक करायचे होते. पण न्हाव्यानं भिक्षुकाचं डोकं पाहून सवयीनं सगळंच तासलं आणि वस्तरा मिशीवर टेकवला. हात चालू असताना माणसाला थांबवणं शास्त्रीबुवांना जमलं नाही. तसेच चौकात गादीच्या दुकानात गेले.

दुकानदारानं विचारलं, नरम की कडक? चाळीस वर्षांच्या संसारात बायकोला काय लागतं हे आपल्याला ठाऊक नाही, हे त्या क्षणी शास्त्रीबुवांना कळलं आणि त्यांचे डोळे भरून आले. तुळतुळीत डोकं, ओले डोळे पाहून दुकानदाराचा आवाज उतरला.

"किसके लिए है, महाराज?"

"हमारी पत्नी के लिए."

दुकानदारानं हात जोडले आणि पुढं एक अक्षर न विचारता सगळं स्वतःच बांधलं. गादी, उशा, फुलाफुलांची चादर, वर काळी छत्री नि बायकी चपला. शास्त्रीबुवांना त्यात काही वावगं दिसलं नाही. गादीबरोबर छत्री असतेच, हे ते जन्मभर पाहत आले होते.

गल्लीत गाडी शिरत नाही, म्हणून हमालानं सगळं डोक्यावर घेतलं. मागून खाली मान घालून शास्त्रीबुवा. मनात एकच घोर, नरम की कडक. संकठा घाटाच्या वळणावर पानवाला उठून उभा राहिला. कुणीतरी मोबाइल काढला आणि मोहल्ल्याच्या ग्रुपवर हात जोडलेली चित्रं पडू लागली. दुर्गाघाट येईतो मागं आठ-दहा माणसं झाली. त्यांना घाई असेल म्हणून शास्त्रीबुवा कडेला सरले, तर तीही थांबली.

घरी पोचतात तो समोरची मुक्ता पदर डोळ्यांना लावून दारात. "काका, तेरावा कधी धरायचा?"

तेव्हा कुठं त्यांना उलगडलं. ते घाईनं तोंड उघडणार, इतक्यात मुक्ता हुंदका देत बोलू लागली.

"काकूंना मऊ गादी सोसायची नाही हो. कंबर धरायची. म्हणून दुपारच्या आमच्या ओट्यावर सतरंजी टाकून पडायच्या. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कधी सांगितलं नाही."

शास्त्रीबुवांनी तोंड मिटलं. वाकून गादीत अंगठा रुतवला. तो रुतेना. त्यांच्या चेहऱ्यावर हसू फुटलं, तशी दारात जमलेल्या बायकांनी एकमेकींकडं पाहिलं.

"मुक्ता, अगं ती जिवंत आहे."

"आमच्याही मनात जिवंतच आहेत, काका."

"दुपारच्या गाडीनं येतेय."

कुणीतरी पाणी आणायला धावलं. कुणी पंखा घालू लागलं. शास्त्रीबुवा सांगत राहिले आणि जितकं सांगत तितकी मंडळी कळवळत गेली. शेवटी नागपूरला फोन लावावा असं ठरत होतं, तोच दारात ऑटोवाल्यानं पिशव्या ठेवल्या आणि मागून प्रभावतीबाई आत आल्या.

कुणी हललं नाही. बाईंनी नवऱ्याचं डोकं पाहिलं, गादी पाहिली, छत्री पाहिली. भिक्षुकाच्या घरची बाई ती. तिला समजवावं लागलं नाही.

"छान," त्या म्हणाल्या. "मला न विचारताच मोकळे झालात की."

"माझी मिशीसुद्धा न विचारता गेली," शास्त्रीबुवा पुटपुटले. "गादी तुझ्यासाठी आणली. तू म्हणाली होतीस."

बाईंनी चपलांत पाय घालून पाहिले, मग हळूच गादीवर आडव्या झाल्या. कंबर टेकली. डोळे मिटून घेतले.

"कडक आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही निजा पाटणकरांवर. ही माझी."

प्रवासाचा शीण होता. लगेच डोळा लागला. मंडळी चोरपावलांनी निघून गेली. खिडकीतून उन्हाची तिरीप बाईंच्या तोंडावर आली, तसे शास्त्रीबुवा उशाशी बसले आणि त्यांनी छत्री उघडून धरली.

ग्रुपवरची बातमी वाचून अमृतराव घाटावरून केयूर गुरुजी धापा टाकत आले ते याच वेळी, हातात हार घेऊन. निश्चल निजलेल्या काकू आणि छत्री धरून बसलेले काका पाहून त्यांनी हात जोडले.

शास्त्रीबुवांनी ओठांवर बोट ठेवलं. गुरुजी समजुतीनं मान हलवून हार ठेवायला वाकले, आणि प्रभावतीबाई घोरल्या.

हार तिथंच टाकून गुरुजी गल्लीत पोचले होते. शास्त्रीबुवांनी छत्री तेवढी उन्हाप्रमाणं थोडी डावीकडं कलती केली.