रसायनशास्त्राची ना हरकत

नको असलेल्या विषयाने स्वतः येऊन ना हरकत दाखल्यावर सही केल्याशिवाय इंजिनीअरिंगचा अर्ज पुढे जात नाही. चाळीसगावात बसस्टँडसमोर माझं अर्ज भरून देण्याचं दुकान आहे आणि हा नियम मी काचेवर ठळक अक्षरांत लावला आहे. तरी लोक शेवटच्या दिवशीच येतात.

शर्वरी निकुंभ आईला घेऊन आली तेव्हा तीन वाजले होते. अर्ज पाचला बंद होणार होता. तिला हव्या त्या कॉलेजात जागा फक्त तीस. प्रवेश परीक्षेला तीनपैकी दोन विषय निवडायचे. तिने गणित आणि भौतिकशास्त्र निवडलं. त्या दोघांची संमती तिने सकाळीच मिळवली होती. राहिलं रसायनशास्त्र. मी फोन केला.

ते सव्वातीनला आलं. शर्टाच्या बाह्यांना बारीक भोकं पडली होती. मी स्टूल पुसून दिलं.

"सोडण्याचं कारण?" त्याने विचारलं.

"आवड नाही," मी वाचून दाखवलं.

"आवड नाही? मग पाचवीत घरातली लिंबं आणि खायचा सोडा कुणी संपवला?"

"ती तू होतीस होय!" निकुंभकाकू लेकीवर उखडल्या. "आणि मी बिचाऱ्या कामवालीवर संशय घेतला!" मग त्या रसायनशास्त्राकडे वळल्या. "भाऊ, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. दोनच घेता येतात हो. पोरीच्या वर्षाचा प्रश्न आहे."

"दोनच घेता येतात, आणि दरवेळी राहतो तो मीच. या आठवड्यातली ही एकोणिसावी सही. खोट्या कारणावर मी करणार नाही."

शर्वरी खाली बघत म्हणाली, "आवड आहे. पण पाठ केलेलं ऐन परीक्षेत आठवत नाही. गणित तिथल्या तिथे करता येतं."

मी नवा दाखला काढून तसंच लिहिलं. रसायनशास्त्राने दोनदा वाचलं.

"कारण चालेल," ते म्हणालं. "पण माझ्या हजेरीपटावर आता हजर असं कुणीच उरत नाही. एकाची तरी हजेरी हवी, नाहीतर माझी सही धरत नाहीत."

साडेचार झाले. काकू बाहेर जाऊन रिक्षावाल्याला विचारून आल्या. त्याला विषय नको होता.

तेवढ्यात ते माझ्याकडे बघू लागलं. "तुला कुठेतरी पाहिलंय."

मी प्रिंटरमध्ये कागद लावायला लागलो. कागद आधीच लावलेले होते.

"शाळा कधी सोडली?"

"नववीत. मधल्या सुट्टीत घरी गेलो, तो परत गेलो नाही."

"ना हरकत घेतली?"

"नाही. पण नववीत रसायनशास्त्र नव्हतं. नुसतं विज्ञान होतं."

"तेव्हा आम्ही एकत्र कुटुंबात होतो. अकरावीला वेगळे झालो. वाटणीत तू माझ्याकडे आलास." त्याने पिशवीतून हजेरीपट काढला. "बोरसे दिगंबर. अकरा वर्षं गैरहजर. आज हजर असशील तर सही करतो."

मी मान हलवली.

"मान नाही. उभं राहून तोंडाने."

नेमकं हेच मला शाळेत जमत नसे. नाव पुकारलं की मी बाकाखाली पेन शोधायला लागायचो. पाचला सात मिनिटं होती. शर्वरी घड्याळाकडे आणि माझ्याकडे बघत राहिली.

काकू म्हणाल्या, "बोल रे दादा, एवढ्यासाठी पोरीचं वर्ष जाईल!"

मी उभा राहिलो. "हजर."

"ऐकू आलं नाही."

"हजर!" समोर स्टँडवर पाण्याच्या बाटल्या विकणारा वळून बघू लागला.

रसायनशास्त्राने सही केली. चार सत्तावन्नला अर्ज गेला. काकूंनी रसायनशास्त्राला वाकून नमस्कार केला आणि जाताना मलाही केला.

आता ते रोज सव्वातीनला येतं. गिऱ्हाईक नसलं की संयुजा विचारतं. सोडियमची काल बरोबर आली. भूगोलाचं पत्र आलंय, रविवारी येतो म्हणतो. बीजगणित मात्र दोन दिवस दारासमोरून नुसतं ये-जा करतंय. लाजत असेल. मी एक स्टूल बाहेर ठेवलं आहे.