वाढत्या अंगाची चड्डी

साठ वर्षांपूर्वीच्या काळावर चित्रपट काढायचा, तर त्यातली मुलं त्या काळातली दिसावीत, असा नियम आहे. नियमात काही खोट नव्हती. वेशभूषेच्या बाईंनी तो मनावर घेतला, इथे घोळ झाला.

बाईंचे वडील त्या काळी दहा वर्षांचे होते. त्यांची तेव्हाची चड्डी घरात जपून ठेवलेली होती. वाढत्या अंगाची म्हणून घेतलेली, गुडघ्याखाली उतरणारी, कमरेला नाडीने आवळलेली. "एकदा आपलं लहानपण पडद्यावर बघितलं की डोळे मिटायला मोकळा," असं वडील म्हणाले. तसे ते डोळे मिटायला कायमच मोकळे असत, पण या वेळी बाईंना भरून आलं.

बाईंनी ती चड्डी काळ-सत्यता समितीपुढे ठेवली. अध्यक्षांनी ती दोन बोटांत उचलली.

"ही मापाची नाही."

"मापाची कोणी घेतच नसे, साहेब. धाकट्या भावापर्यंत पुरवायची असायची."

"प्रेक्षक म्हणतील, यांना शिवता येत नाही. मापात आणा. वर जाकीट, डोक्याला चपटी टोपी."

"भर उन्हाळ्यात जाकीट?"

"उन्हाची काळजी तुम्ही करू नका. कॅमेऱ्यापुढे पिवळी काच धरली की ऊन आपोआप जुनं होतं."

मग केसांचा विषय निघाला. वडिलांचे केस त्यांची आई घरच्या कात्रीने, पोर हलेल तसे कापायची. पण नायक झालेल्या मुलाचा तेलाच्या जाहिरातीशी करार होता. कानांवर फिरवलेलं मशीन आणि माथ्यावरचा तुरा यांना हात लावायची सोय नव्हती. तो एकटाच वेगळा दिसू नये म्हणून सगळ्या वर्गाचे केस तसेच कापले. वर्गाचे कापले म्हणून मास्तरांचेही कापले. मास्तर उघडे पडू नयेत म्हणून भिंतीवरच्या थोर पुरुषांच्या तसबिरी नव्याने रंगवून घेतल्या. समितीने सत्यतेचा दाखला दिला आणि बाईंनी नोकरीकडे बघून तोंड बंद ठेवलं.

चित्रपट धो धो चालला. एका शाळेने 'जुना काळ दिन' ठरवला आणि बाईंच्या वडिलांना पाहुणे म्हणून बोलावलं. लहानपणीचा फोटो घेऊन ते हौसेने गेले आणि लगेच परत आले.

"काय झालं, बाबा?"

"मुलं म्हणाली, आजोबा, तुमचा फोटो चुकलाय. हेडमास्तरांनाही तसंच वाटलं."

दुसऱ्या दिवशी वडील न्हाव्याकडे जाऊन आले. कानांवर मशीन, माथ्यावर उरल्यासुरल्या केसांचा तुरा, अंगात लेकीच्या कपाटातलं जाकीट. आरशापुढे ते बराच वेळ उभे राहिले.

"दहा वर्षांचा होतो ना, तेव्हा मी अगदी असाच दिसायचो," ते म्हणाले.

बाईंना रडू यायला हवं होतं. पण मनात आधी आलं ते हे, की बाबा आता कुठे त्या काळातले वाटतात.

तुम्हाला हसू आलं असेल तर खुशाल हसा. फक्त कधीतरी डोळे मिटून स्वतःचं लहानपण आठवा, आणि त्यातलं ऊन जरा जास्तच पिवळं नाही ना, तेवढं बघून घ्या.