मॉनिटरचा रूम पार्टनर

आमचे शेजारी ताकसांडे सर माशांची मुलाखत घेतात. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. मासा दुकानातून पाणी भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत येतो. ती पिशवी तशीच बांधलेली टँकमध्ये तरंगत सोडली जाते आणि सर समोर खुर्ची टाकून, मांडीवर लांबोडकं रजिस्टर घेऊन बसतात. अर्धा तास कोणी बोलायचं नाही. पिशवीतला मासा कोपऱ्यात दबून बसला तर सर लिहितात, 'भित्रा. घरची आठवण येते.' पिशवीला धडका मारू लागला तर, 'उपद्व्यापी. लक्ष ठेवावे.' शेवटी 'प्रवेश' किंवा 'नामंजूर', खाली सरांची लफ्फेदार सही आणि साक्षीदार म्हणून माझी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका असल्यामुळे माझ्या सहीला वजन आहे, असं सरांचं मत आहे. आमच्या मुख्याध्यापकांचं अजून तसं झालेलं नाही.

सर म्हणजे शिक्षक नव्हेत. ते मुलांच्या एका सरकारी वसतिगृहाचे गृहपाल होते. कोणत्या मुलाला कोणत्या खोलीत, कोणाबरोबर ठेवायचं, हे ठरवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. त्या गडबडीत लग्न राहून गेलं. त्याबद्दल कोणी विचारलं तर म्हणतात, "दोनशे पोट्टे होते घरात. आनखी कायले पाह्यजे?" निवृत्त झाल्यावर त्यांनी हिंगणघाटला आमच्या शेजारचं घर घेतलं. तीन खोल्या आणि माणूस एक. पहिल्याच दिवशी कुंपणावरून "जयभीम मॅडम" म्हणाले आणि दुसऱ्या वाक्याला विचारलं, "तुमच्या घरी रिकामी बादली हाये का?"

बादली मॉनिटरसाठी हवी होती. मॉनिटर म्हणजे सरांचा मासा. गृहप्रवेशाच्या दिवशी एका जुन्या विद्यार्थ्यानं चार फुटी टँकसकट भेट दिलेला. जात फ्लॉवरहॉर्न. अंगानं लाल, कपाळावर हे एवढं टेंगूळ, आणि चेहरा असा की याचा आत्ताच कोणीतरी चारचौघांत अपमान केला आहे. देणाऱ्यानं बजावलं होतं की हा सिक्लिड घराण्यातला, त्यातही सगळ्यांत भांडकुदळ. दुसरा मासा दिसला की फाडतो. याला जन्मभर एकटाच ठेवायचा.

झालं. हे वाक्य सरांना लागलं. आपल्या कारकिर्दीत त्यांनी एकाही मुलाला स्वतंत्र खोली दिली नव्हती. "एकटं कोनी राह्यत नाई मॅडम," ते मला म्हणाले. "पार्टनर चुकते, एवढंच."

मग पार्टनर चुकायला लागले. आधी दोन गोल्डफिश आले. शेरा होता, 'शांत, होतकरू.' मी घरी जाऊन चहा ठेवला, तो उकळायच्या आत सर जाळीत ते दोघे घेऊन धावत आले. एकाची शेपटी अर्धी उरली होती. आमची बादली तेव्हापासून वसतिगृहाची सिक रूम झाली. आमचे हे आंघोळीला गेले की आधी विचारतात, "बादलीत पेशंट आहे का?" गोल्डफिश मात्र सरांनी रोज दोनदा येऊन, मीठ टाकून, पाणी बदलून बरे केले आणि माझ्या वर्गातल्या काचेच्या भांड्यात त्यांची बदली केली.

मग सरांनी उलटा विचार केला आणि मॉनिटरच्या तोडीस तोड असा एक ऑस्कर आणला. तोही सिक्लिडच, काळा, नारिंगी डागांचा, अंगापिंडानं पहिलवान. पाचव्या मिनिटाला दोघांनी एकमेकांचे जबडे पकडले. पाणी भिंतीवर उडालं, सरांच्या रजिस्टरवर उडालं, माझ्या साडीवर उडालं. आणि सर काच बडवत ओरडत होते, "ए! सोड त्याले! सोड म्हनतो! दोघायच्याबी घरी पत्र जाईन!"

दुकानदार वैतागला होता. ऑस्करपाठोपाठ आणलेला चौथा मासाही परत द्यायला मी सरांबरोबर गेले, तेव्हा तो हात जोडून म्हणाला, "सर, ही मच्छी हाये, साडी नाई. घरी नाई आवडली का वापस!" मग त्यानं कोपऱ्यातल्या टाकीच्या तळाशी चिकटलेला एक काळा, काटेरी, ओबडधोबड मासा दाखवला. त्याला दुकानात सकर म्हणतात. दगडावरचं, काचेवरचं शेवाळ खात फिरतो. "हा घेऊन जा. याची पाठ अशी टनक हाये का तुमचा पहिलवान दात घासून घासून थकन."

सरांनी वाकून पाहिलं. त्यांचा चेहरा पडला. "हा पार्टनर नाई बापा. हा त वॉचमन हाये."

घरी येताना त्यांनी मागं वळून दुकानाकडं पाहिलंही नाही. मला वाटलं, हा नाद आता सुटला. म्हणून मी सहज म्हणाले, "सर, एका माशासाठी एवढा आटापिटा कशाला करता? राहू द्या त्याला एकटा." सर रस्त्यातच थांबले आणि त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मला माझ्या बोलण्याची लाज वाटली.

त्यांना एक मोठा भाऊ आहे. दादा. सरांपेक्षा नऊ वर्षांनी मोठे, सगळा जन्म जिनिंगच्या कारखान्यात कापसाच्या गठाणी उचललेले. बायको गेल्यावर ते आधी थोरल्या मुलाकडे नागपूरला राहिले, तिथं भांडले. मग धाकट्याकडे जवळच्याच जाम गावी राहिले, तिथंही भांडले. आता पुतण्याचा फोन आला होता की बाबांचं कोणाशीच पटत नाही, एखादा वृद्धाश्रम बघून द्या.

"मी म्हनलो, एक महिना थांब. मी घेऊन येतो त्याले माह्याकडं. पन मॅडम, आमी दोघं लहानपनानंतर एका छपराखाली राह्यलोच नाई. मीबी काई गरीब गाय नाई. आमचं नाई पटलं, त मंग तो तिसऱ्या घरून निघन. तिसऱ्या घरून निघालेला मानूस मंग कुठं जात नाई." मग म्हणाले, "म्हनून आधी मॉनिटरचं जमवून पाहतो. त्याचं जमलं, त दादाचंबी जमन."

"दादा फारच भांडतात का?"

"बापा! सरपंचाशी भांडला, मुकादमाशी भांडला. एकडाव त बैलाशी भांडला. चार दिवस बोलत नोता त्याच्याशी."

आम्ही तिथूनच परत फिरलो आणि सकर विकत घेतला.

मग सरांनी आपलं सगळं शास्त्र पणाला लावलं. बिस्किटांच्या प्लास्टिकच्या बरणीला तापल्या सुईनं भोकं पाडली, सकरला बरणीत घातलं आणि बरणी टँकच्या मधोमध ठेवली. मॉनिटर पहिला दिवसभर बरणीला टेंगूळ आपटत राहिला. दुसऱ्या दिवशीही. पाचव्या दिवशी त्याचा आवेश सरकारी कामासारखा झाला, म्हणजे वेळेवर यायचा, दोन धडका द्यायचा आणि जायचा. नवव्या दिवशी तो बरणीला टेकून स्वस्थ पडलेला आढळला. सरांनी फोन करून मला शाळेतून बोलावून घेतलं.

"आता दगडं," सर बाह्या सारून म्हणाले. टँकमधले सगळे दगड, मडक्याची खापरं, लाकडाचा बुंधा, सगळं त्यांनी उचलून दुसरीकडं मांडलं. "नवा पोट्टा आला का मी साऱ्यायच्याच खोल्या बदलत होतो. जुना मालक कोनी उरलाच नाई पाह्यजे. सारेच नवे, त मंग भांडन कोन कोनाशी करन?" मॉनिटरला पोटभर झिंगे चारले. मग बरणीचं झाकण उघडलं.

सकर बाहेर आला, काचेला चिकटला आणि जेवायला लागला. मॉनिटर वेगानं आला, पाठीवर एक धडक दिली, दुसरी दिली. सकरनं साधं वळूनही पाहिलं नाही. मॉनिटरनं आपला नेहमीचा दगड शोधला, तो जागेवर नव्हता. बिचारा टँकभर हिंडून स्वतःचं घर शोधत राहिला आणि त्या नादात भांडायचं विसरला. सरांनी आठ दिवस वाट पाहून मगच रजिस्टरमध्ये 'प्रवेश' लिहिलं. सहीचा लफ्फा नेहमीपेक्षा मोठा काढला. मीही मुख्याध्यापकांसमोर करते त्यापेक्षा नीट सही केली.

दादा यायच्या आदल्या दिवशी सरांनी आम्हा नवराबायकोला हाक मारली. घरातली एकही वस्तू जागेवर ठेवायची नव्हती. पलंग मागच्या खोलीत, कपाट पुढच्या खोलीत, जेवणाचं टेबल खिडकीशी. आमच्या ह्यांची कंबर धरली. सर पुढचा आठवडाभर स्वतःच्याच घरात रोज टेबलाला गुडघा आपटून घेत होते, पण समाधानी होते.

दादा आले. उंच, वाळलेले, पांढरा सदरा-पायजमा, खांद्यावर दुपट्टा. टँकपुढं उभं राहून त्यांनी बराच वेळ मॉनिटरकडं पाहिलं, मॉनिटरनं त्यांच्याकडं पाहिलं. दोघांच्याही कपाळावर आठ्या होत्या. मग दादांनी विचारलं, "खातेत का याले, का नुसतं पाह्यतेत?"

दोन दिवस छान गेले. तिसऱ्या दिवशी सरांनी घोडचूक केली. आणि ती फक्त एक गृहपालच करू शकतो. त्यांनी दादांना प्रवेश अर्ज भरायला दिला.

त्यात वाईट काही नव्हतं. झोपायची वेळ, आवडती भाजी, पंख्याचा वेग, 'कोणत्या गोष्टीचा राग येतो' असे रकाने होते. दादांनी चष्मा लावून सगळा वाचला. शेवटच्या रकान्यात लिहिलं, 'या कागदाचा.' मग जे कडाडले ते मला माझ्या स्वयंपाकघरात ऐकू आलं.

"माह्या भावाच्या घरी राह्याले मले अर्ज? मंजूर कोन करन? तू? तुले मी खांद्यावर बसवून पोळा दाखवला बे!"

"अर्ज साऱ्यायलेच रायते दादा! त्यात काय एवढं?"

"जातो मी!"

"जा ना मंग! कोन धरलं तुले?"

दादांनी पिशवी उचलली आणि फाटक आपटून निघून गेले. मी धावत सरांकडं गेले, तर ते टँकपुढं अर्ज धरून उभे होते. "मॅडम, मी काय बोललो हे? मीच त्याले जा म्हनलो?" एवढं बोलून त्यांनी सापडल्या त्या चपला पायात घातल्या, एक त्यांची आणि एक दादांची घरातली, आणि साठी ओलांडलेला हा माणूस बस स्टँडकडं पळत सुटला. मला खरंच भीती वाटली. त्या वेळी जामकडं जाणारी गाडी लागलेलीच असते. मी घरी येऊन भाजी चिरायला घेतली आणि तशीच ठेवून फाटकात येऊन उभी राहिले.

तासाभरानं दोघं परत आले. दादा पुढं, सर मागं. पिशवी सरांच्या हातात. मला पाहून सर गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "दादाले बस नाई मिळाली."

हिंगणघाट नागपूर-हैदराबाद रस्त्यावर आहे. इथं बस मिळत नाही असं म्हणणं म्हणजे वणा नदीत ओलावा नाही म्हणण्यासारखं आहे. दादांनी माझ्याकडं न पाहता सांगितलं, "गर्दी लय होती," आणि आत गेले.

हा आता प्रघात पडला आहे. डाळ पातळ झाली, पंखा जोरात लागला, सरांनी मॉनिटरला दादांच्या आधी जेवायला घातलं की दादा पिशवी उचलतात. मागून सर जातात. स्टँडवर दोघं चहा पितात, एक प्लेट समोसा अर्धा अर्धा खातात आणि परत येतात. बस मिळत नाही. परवा त्यांची पिशवी मी फाटकात धरली, तर ती हातात हलकी लागली. आत फक्त एक टॉवेल होता. पुतण्याचा फोन येतो तेव्हा सर सांगतात, "सद्या गाड्यायचं काई खरं नाई बाबू. राहू दे त्याले इथंच."

गेल्या रविवारी दादा आत वरण घोटत होते आणि सर अंगणात टँकची जाळी धूत होते. मला चेष्टा सुचली. म्हटलं, "सर, एकदा डेपोत तक्रार करू या का? एवढ्या गाड्या आणि दादांना एकही मिळू नये?"

सर हसले. मग त्यांनी आतल्या खोलीकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"मी अकरा वर्साचा होतो. दादा मले होस्टेलले सोडाले आलता. मी लय रडलो. तो म्हने, रडू नको, माही चारची बस हाये, आन् गेला. संध्याकाळी पाह्यतो त गेटावर उभा. बस नाई मिळाली म्हने. दुसऱ्या दिवशी गेला, पुन्हा वापस आला. बस नाई मिळाली. तिसऱ्या दिवशीबी नाई मिळाली. जिनिंगची हजेरी बुडून राह्यली होती त्याची. चौथ्या दिवशी माही एका पोट्ट्यासंगं दोस्ती झाली, आमी दोघं खेळाले गेलो. त्या दिवशी त्याले बस मिळाली."

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "स्टँड फार लांब होता का हो सर?"

"नाई ना," सर म्हणाले. "गेटासमोरच होता."