गल्लीचा लोड

लाइट गेली की माणसं कपाळाला हात लावतात. आमच्या शेजारचे दगडूनाना टाळी वाजवतात. "गयी रे गयी! या रे बठ्ठा!" अशी सगळ्यांना आरोळी ठोकतात आणि ओट्यावर खुर्च्या मांडायला लागतात.

कारण नानांच्या गच्चीवर सोलर आहे. रेल्वेच्या वायरिंगच्या कामातून निवृत्त होऊन त्यांनी चाळीसगावात घर बांधलं, तेव्हा आधी सोलर बसलं, भिंतींना रंग मागाहून लागला. लोडशेडिंगच्या त्या दिवसांत आमच्या गल्लीत उजेड फक्त नानांकडे. ओट्यावर त्यांनी प्लगांनी भरलेला एक भला मोठा बोर्ड ठोकला होता. सगळी गल्ली मोबाइल चार्ज करायला यायची आणि मोबाइल भरेपर्यंत चहा, शेंगा, गप्पा. "ऊन फुकट शे, अक्कल फुकट नई," हे नानांचं वाक्य प्रत्येक कपाबरोबर मिळायचं.

बॅटऱ्यांना त्यांनी नावं दिली होती: थोरली, मधली आणि धाकटी. त्यांच्यात डिस्टिल्ड वॉटर घातल्याशिवाय स्वतः घोटभर चहा घ्यायचे नाहीत. मी मध्येच टपकलो तर म्हणायचे, "थांब मास्तर, आधी यास्ले पाजू दे. थोरली आज रुसेल शे."

पण वय कोणाला चुकलंय? पॅनल पिवळे पडले, बॅटऱ्या फुगल्या. गेल्या उन्हाळ्यात लाइट गेली, नानांनी आरोळी दिली, माणसं जमली, आणि चहा उकळायच्या आत ओट्यावरचा बल्ब लाल होऊन विझला. कोणीतरी म्हणालं, "असू द्या नाना, पॉवरबँक आहे घरी." एकेक जण उठून गेला. रिकाम्या खुर्च्यांत नाना एकटेच बसून राहिले. मला फार वाईट वाटलं.

नाशिकच्या लेकीनं, सुनीतानं, लगोलग सोलरवाला पाठवला. त्यानं गच्ची बघून निकाल दिला. "जुन्यात जीव नाही. पॅनल नवे घ्या आणि बॅटरी काढूनच टाका. वीज सरळ लाइनीत सोडू, बिल येणारच नाही म्हणा ना."

"आनि लाइट गयी म्हंजे?"

"मग हेपण बंद. लाइनीवर कोणी काम करत असेल तर त्याला शॉक बसू नये, म्हणून आपोआप बंद होतं."

"मंग काय कामनं?" नाना ताठ झाले.

फोनवर सुनीता होतीच. "नाना, लाइट आता जाते कुठं? आणि एकट्या माणसाला बॅटरी हवी कशाला?"

फोन माझ्या हातात देऊन नाना पाणी प्यायला आत गेले. मग बाहेर येऊन म्हणाले, "बॅटरी पाहिजे." लेक रागावली, जावयानं समजावलं, सोलरवाला खेटे घालून दमला. नानांचं आपलं एकच, बॅटरी पाहिजे.

शेवटी सोलरवाल्यानं हात टेकले. "बरं, छोटी बसवू. एक पंखा, टीव्ही, दोन बल्ब. घराचा लोड तो केवढा!"

"घरना लोड नको धरू," नाना म्हणाले. "गल्लीना धर."

जुन्या बॅटऱ्या न्यायला भंगारवाला आला, तर त्याला उन्हात उभं करून नानांनी तिघींना शेवटचं पाणी पाजलं. भंगारवाला माझ्याकडे बघत राहिला.

नवं सोलर बसलं आणि लाइट जायचं नावच घेईना. नाना रोज संध्याकाळी खुर्च्या पुसून ठेवत. वायरमन दिसला की आशेनं विचारत, "काही बिघाड नई का, भो?" वायरमन अभिमानानं नाही म्हणे. नानांचा चेहरा उतरायचा.

मला ते बघवेना. एका संध्याकाळी मी आमच्या घराचा मेन स्विच खाली केला. आतून बायको ओरडली. मी मोबाइल घेऊन नानांच्या ओट्यावर गेलो.

"नाना, आमची लाइट गेली."

नानांनी रस्त्याकडे पाहिलं. खांबावरचा दिवा लख्ख होता. पलीकडच्या घरात टीव्ही गरजत होता. त्यांनी खुर्ची पुढं सरकवली.

"बठ, मास्तर. चहा ठेवस."

मी मोबाइल बोर्डाला लावला. तो आधीच पूर्ण भरलेला होता. नानांनी स्क्रीनवर एक नजर टाकली, मोबाइल हळूच पालथा ठेवला आणि म्हणाले, "सूनबाईले बी बलाव. अंधारमा काय करी ती?"