पाठीवरची पाटी

माणूस धावतो तेव्हा त्याच्यामागे काहीतरी लागलेले असते, नाहीतर पुढून काहीतरी निसटत असते. तैवानमधल्या ताओयुआन शहरातल्या एका टॅबलेट कंपनीला ही दोन्ही कारणे एकाच तिमाहीत लाभली. फोन रुंद होत चालले होते, लॅपटॉप सडपातळ, आणि मधल्या फटीत टॅबलेट अडकला होता.

बाजाराचा अंदाज लिहिणाऱ्या कुओ श्यूफांगबाईंनी अहवालात स्वच्छ लिहिले : 'घरोघरी सहा वर्षांचा जुना टॅबलेट आहे. त्यावर चित्रं बघत नातवंडं जेवतात. तो बिघडत नाही, हा आपल्या मालाचा मुख्य दोष.' विक्रीप्रमुख ज्यानसाहेबांनी अहवाल दोनदा वाचला (पहिल्यांदा उलटा धरून, असे म्हणतात).

"कुओबाई, बाजार खुर्चीत बसून कळत नाही. आपला टॅबलेट पाठीला बांधून मॅरेथॉन धावा."

"साहेब, मी चोपन्न वर्षांची. गुडघे कुरकुरतात."

"टॅबलेटलाही लोक म्हातारा म्हणतात. जोडी शोभेल."

नकाराची मुभा होती. नकार देणाऱ्याची बदली दूर दक्षिणेला, काओश्युंगच्या गोदामात होई. घरी सासरे अंथरुणाला खिळलेले. बाई धावल्या.

पहाटे नदीकाठी सराव सुरू झाला. पहिल्या आठवड्यात अंतर तीन किलोमीटर, केळी अकरा, पश्चात्ताप रोज. काठावर व्यायाम करणाऱ्या यूलानमावशी हात हवेतच थांबवून म्हणाल्या, "काय गं, या वयात पाटी घेऊन शाळेत?"

"परीक्षाच आहे, मावशी."

सोळाव्या आठवड्यात बाई तीस किलोमीटर धावल्या आणि बरे वाटल्याचे त्यांनी कोणालाही कळू दिले नाही.

शर्यतीच्या दिवशी कंपनीने जाहिरात म्हणून त्यांच्या पाठीवरच्या टॅबलेटवर एक कौटुंबिक मालिका लावून दिली. बाराव्या किलोमीटरला मागे पावलांचा गलका वाढला, पण पुढे कोणी जाईना.

"अहो, जा ना पुढे," बाई म्हणाल्या.

"ताई, वळू नका. सून आत्ता सासूला खरं सांगतेय."

पस्तिसाव्या किलोमीटरला बॅटरी संपली. त्रेचाळीस माणसे एका मिनिटात पुढे निघून गेली. आभार एकाने मानले, तेही सवयीने. रस्ता मोकळा झाला. उरलेले सात किलोमीटर बाई एकट्या धावल्या. शर्यतीची शेवटची कमान बंद व्हायला सहा मिनिटे असताना त्या आत आल्या, कडेला बसून पोटभर रडल्या आणि मग चहात उकडलेली दोन अंडी खाल्ली.

कंपनीने निष्कर्ष काढला : ग्राहक टॅबलेटमागे तेवीस किलोमीटर धावतो. पाठीच्या पट्ट्यासह 'धावपटू आवृत्ती' निघाली आणि हातोहात खपली. पाहणीचे काम अर्थातच कुओबाईंकडे. शंभर ग्राहकांपैकी धावणारे चार निघाले. बाकीचे शहाण्णव आडवे पडून धावण्याविषयी वाचत होते.

"हे काय करायचं, साहेब?"

"त्यांना भावी धावपटू म्हणा. खरा बाजार तोच."

तेव्हा आपण हा मजकूर आडवे पडून वाचत असाल, तर उठून बसायची तसदी घेऊ नये. आपली नोंद झालेली आहे.