इंदूकाकीचं मत

पार्स्यातल्या आमच्या क्लबचा एकही फुटबॉल सामना इंदूकाकीने पाहिला नव्हता. तरी सामना कसा झाला हे तिच्याइतकं नेमकं कोणी सांगू शकत नसे. सामना संपला की सगळ्या जर्सी पोत्यात भरून धुवायला तिच्याकडे जात. काकी मागीलदारच्या दगडी दोणीपाशी बसून एकेक जर्सी उलटसुलट करून बघे आणि दुसऱ्या दिवशी मी शाळेत निघालो की कुंपणापाशी अडवून अहवाल देई.

"मास्तर, तुमचो तो सात नंबर काल धावलो नाय. काखेत घाम नाय, नुसतो सेंटाचो वास. खेळूक गेल्लो का लग्नाक?"

सात नंबरची होणारी बायको त्या दिवशी मैदानाच्या दगडी गडग्यावर बसली होती, हे काकीला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

एकदा रेफरीने आम्हाला पेनल्टी नाकारली म्हणून सगळा गाव त्याच्या नावाने बोटं मोडत होता. काकीने नऊ नंबरची जर्सी माझ्यापुढे धरली. "पाडलेल्याची माती कोपराक लागता. ह्याच्या पोटार आसा. आपूण जावन निजलो तो." आणि मग तिचं ठरलेलं वाक्य, "कपडो फट मारिना." म्हणजे कपडा खोटं बोलत नाही.

हे न्यायदान जर्सीपुरतंच राहिलं असतं तर बरं. आमचे अध्यक्ष गुरुदासभाऊ, हार्डवेअरच्या दुकानाचे मालक, यांनी श्रावणात मासळी सोडल्याचं गावभर सांगितलं होतं. काकीने भर रस्त्यात त्यांच्या शर्टाला बोट लावून वास घेतला आणि म्हणाली, "किसमूर. सुक्या सुंगटांची." म्हणजे सुक्या कोळंबीची कोशिंबीर. तेव्हापासून तिच्या घरावरून जाताना गुरुदासभाऊ अंगावर टॉवेल घेतात.

नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. जर्सी वाळत घातल्या की तिच्या अंगणात एकदम माणसं आल्यासारखं वाटे.

त्या वर्षी आम्ही ओळीने सात सामने हरलो. पोरं कोणी विमानतळावर ड्युटीला, कोणी मांद्र्याच्या गेस्ट हाऊसमध्ये. सरावाला कधी पाच जण, कधी तीन. आमच्याकडे कोच आणि मॅनेजर एकच, बाबल. हा डिचोलीचा. पूर्वी खाणीच्या टीममधून खेळायचा. खाण बंद पडली, टीम गेली, मग बायकोही गेली. गेली अकरा वर्षं दर रविवारी स्कूटरवरून यायचा, सगळ्यांच्या आधी मैदानात पोचून स्वतः चुन्याच्या रेषा मारायचा. सामना हरलो तरी, "पुढच्या आयताराक बघूया," एवढंच म्हणायचा. आठ-आठ दिवस हा माणूस त्या एका वाक्यावर काढत असावा.

सातव्या पराभवानंतर कमिटी बसली. विषय एकच, बाबलला ठेवायचा की काढायचा. म्हापशाचा एक तरुण कोच यायला तयार होता. त्याच्याकडे सर्टिफिकेट होतं आणि अटी होत्या. एक अट अशी की जर्सी लॉन्ड्रीत धुऊन, इस्त्री करून, प्लास्टिकमधून यायला हव्यात.

दोन तास चर्चा झाली. एकाने परदेशातले क्लब तीन-तीन आठवड्यांत मॅनेजर बदलतात असं सांगितलं. दुसऱ्याने विचारलं, "त्यांच्याकडे बॉल किती असतात?" आमच्याकडे दोन होते, त्यातला एक सामन्याचा. तिसऱ्याच्या मते दोष दक्षिणेकडच्या गोलपोस्टचा होता, आधी गावच्या देवाला, राखणदाराला, गाऱ्हाणं घालावं. मतदान झालं, तीन विरुद्ध तीन. मी सेक्रेटरी, मला मत नाही. अध्यक्षांनी आपलं मत द्यायला नकार दिला. "माझं दुकान आहे," ते म्हणाले, "मला सगळ्यांशी बोलावं लागतं."

मग कोणाला तरी आठवलं की क्लबची नोंदणी करताना कमिटीच्या यादीत एक बाई हवी म्हणून इंदूकाकीचं नाव घातलेलं आहे. तिला बोलावून आणली. बाबलच्या बाजूचे तिघे निर्धास्त झाले. बाबल तिला सख्ख्या काकीसारखा मानायचा, सामन्याआधी तिच्याकडे पेज जेवायचा. आणि बाबल गेला तर जर्सीही जाणार होत्या.

काकी ओल्या हातांनीच आली. उभ्यानेच सगळं ऐकलं.

"काढा त्याका," ती म्हणाली.

"काकी, नीट समजलं ना?" मी विचारलं.

"समाजला. काढा. आजच काढा. फुडल्या आयताराची वाट बघू नकात."

बाबल बाहेर जांभ्याच्या पायरीवर बसला होता. दार उघडंच होतं. तो उठला, किटची बॅग पायरीवर ठेवली आणि काकीकडे एकदाच बघितलं. "तू पण?" म्हणाला आणि स्कूटर चालू करून गेला.

मला भयंकर राग आला होता. काकीला घरी सोडायला गेलो तो भांडायच्या तयारीनेच. वाटेत ती माझ्यापुढे भराभर चालत राहिली. अंगणात पोचल्यावर म्हणाली, "मास्तर, तुझ्याकडे त्याच्या चेडवाचो नंबर आसा मरे?"

बाबलची मुलगी डिचोलीतच नांदत होती. नंबर होता. "कशाला?"

काकी पायरीवर बसली. बायको गेल्यापासून बाबल आपला शर्टही जर्सींबरोबर धुवायला टाकत असे. तीन रविवार त्या शर्टाच्या पाठीला माती होती. "कोच कधी पडता, मास्तर? पयल्यांदा म्हटला, टेकलो आसतलो. दुसऱ्या आयताराक परत. तिसऱ्या खेपेक मातीत चुनो. सकाळी एकटोच रेषा मारता, थंयच चक्कर येवन पडता, उठता, शर्ट झाडता आणि कोणाक सांगणा नाय."

तिने त्याला विचारलं होतं. आधी हसला, मग त्याने तिचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. क्लबात कोणाला कळता कामा नये.

"मग मला का सांगतेस?"

"आता तो क्लबात नाय. शपथ सुटली."

"अगं, मग मीटिंगमध्ये नुसतं आजारी म्हणाली असतीस तर—"

"हरलो म्हणून काढलो तर माणूस परत उभो रवता. आजारी म्हणून काढलो तर पलंग धरता." तिने पदराने हात पुसले, ते केव्हाच सुकले होते. "फोन लाव तू."

मी लावला. काकीचं नाव न घेता, मैदानात त्याला पडताना मीच पाहिलं असं सांगितलं. मुलगी त्याच संध्याकाळी त्याला ओढून डॉक्टरकडे घेऊन गेली. हृदयाचे ठोके मध्येच चुकत होते. चार दिवसांनी छातीत छोटंसं यंत्र बसवलं. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचलात.

नव्या कोचच्या हाताखाली आम्ही जास्त पद्धतशीरपणे हरलो आणि खालच्या गटात गेलो. जर्सी म्हापशाहून प्लास्टिकमधून येऊ लागल्या. मी बाबलला दोनदा भेटून आलो. माझ्याशी बोलला, बाकी सगळ्यांची चौकशी केली. काकीचं नाव त्याने काढलं नाही आणि मी काढल्यावर विषय बदलला.

"खरं सांगून टाकतो त्याला," मी काकीला म्हणालो.

"खबरदार," ती म्हणाली. "रागान तरी घरी बसलो हा. खरा कळला तर उद्या मैदानार येतलो."

गेल्या मे महिन्यात डिचोलीत एका लग्नाला मी आणि काकी गेलो होतो. जेवणाच्या पंगतीत बाबल समोरच्याच रांगेत आला. काकीला बघितलं, आपलं पान उचललं आणि दुसऱ्या टोकाला, आमच्याकडे पाठ करून बसला. आजूबाजूच्या चार जणांच्या ते लक्षात आलं. काकीने मान खाली घातली आणि सोलकढीच्या वाटीत बोट बुडवून बसली. जेवण तिला जाईना.

बऱ्याच वेळाने, मान वर न करता तिने मला हळूच विचारलं, "मास्तर, भात कितीदा घेतल्यान त्यानं?"

मी वाकून पाहिलं. "दोनदा. आता तिसऱ्यांदा मागतोय."

"बरा," ती म्हणाली, आणि भात कालवायला लागली.