नागोबाची दाद

गोष्ट सांगायची माझी अजिबात इच्छा नव्हती. सूनबाई म्हणाली, रिकामेच बसलाय, पोरांना काहीतरी सांगा. रिकामा म्हणे. असो. मांडी घाला आणि मधे बोलू नका.

एका जंगलात दर थंडीत गाण्याचा मोठा महोत्सव भरायचा. हत्तीपासून घुशीपर्यंत सगळे यायचे.

पहिल्या रांगेत मधोमध एक वारूळ होतं. त्यावर म्हातारा नागोबा बसायचा. त्याने फणा डोलवला की गवई मोठा. नाही डोलवला की गवई गेला मातीत.

आता नागाला कान नसतात. हे जंगलात कुणाला ठाऊक नव्हतं. नागोबाला ठाऊक होतं. बोलणं तो समोरच्याचं तोंड बघून ओळखायचा.

तरुणपणी तो महोत्सवात आला तो गर्दीतल्या उंदरांच्या आशेने. सरपटत पार पुढे गेला. गायला अस्वलबुवा बसले होते. तान घेताना बुवा पंजा असा फेकायचे की समोरच्याचं टाळकंच फुटावं. पंजा डावीकडे आला की नागोबा उजवीकडे व्हायचा. उजवीकडे आला की डावीकडे. जीव वाचवत होता बिचारा.

लोक म्हणाले, काय दाद देतो. बुवांनी तर रडत मिठी मारली.

तेव्हापासून वारूळ त्याचं. चाळीस वर्षं तो पंजे चुकवत आला, आणि मागची म्हातारी मंडळी त्याच्याकडे बघून माना हलवत आली.

मग एका वर्षी रानडुकरांची पोरं आली. भुंडी नावाची पोरगी त्यांची म्होरकी. त्यांच्याकडे एक भलंमोठं पोकळ खोड होतं.

चिटणीस कोल्हा म्हणाला, "दहा मिनिटं देतो. दुपारी, जेवणाच्या वेळेला."

भुंडीने खोडावर पहिली लाथ घातली. नागोबाच्या पोटाखालची जमीन हलली. दुसरी घातली. ते पोटातून वर चढलं आणि पाठीतून शेपटापर्यंत गेलं. हे काय होतंय, त्याला कळेना. मग कळलं. लोक दरवर्षी मैलोन् मैल तुडवत येत होते ते यासाठी.

त्याने फणा मिटला. वारुळावरून उतरला आणि भुईवर सपाट पडला, म्हणजे जास्त पोट टेकावं.

"बघा," अस्वलबुवा म्हणाले. "नागोबांनी फणा टाकला. शरमेने भुईला लागले."

"आमच्या वेळी असलं नव्हतं," एक काळवीट म्हणालं.

कोल्ह्याने लगेच खोड थांबवलं आणि नागोबापुढे आला. "तुम्ही म्हणाल तसं. पोरांना ठेवायचं का डोंगरापलीकडे हाकलायचं?"

भुंडी धापा टाकत उभी होती. "खरंच नाही आवडलं, आजोबा?"

नागोबाने तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग वारुळाकडे पाहिलं. आवडलं म्हणावं, तर लोक विचारणार, मग चाळीस वर्षं कशाला डोलत होतास?

"याला गाणं म्हणत नाहीत," तो म्हणाला. "हाकला."

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्याला त्या नुसत्या दिसल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी डोंगरापलीकडे पोरं खोड बडवत होती. भुंडीला गवतात काहीतरी लांबलचक पसरलेलं दिसलं.

"काय आजोबा, इकडं कुठं?"

"ऊन खायला आलोय."

"इथं सावली आहे."

"मग सावली खातो. तू थांबू नकोस."

भुंडीने त्याच्या थरथरत्या पोटाकडे पाहिलं. मग खोड दोन हात त्याच्याजवळ ओढलं.

संध्याकाळी नागोबा परत वारुळावर. अस्वलबुवांचा पंजा डावीकडे आला. नागोबा उजवीकडे झाला.

तात्पर्य : पोरांनो, कान नसतील तर घाबरू नका, पहिल्या रांगेत जागा धरा. कान उगवले तर मात्र डोंगरापलीकडे जावं लागतं, तेव्हा कुणाला कळू देऊ नका.

मला कान आहेत, आणि यंदाच्या महोत्सवात पहिल्या रांगेतून मलाच उठवलं. उठवणारा छातीला बिल्ला लावून हिंडत होता. तो अजून माफी मागायला आलेला नाही. नाव लिहून ठेवा : परशुराम घोसाळकर.